जुन्या मुक्कामी गाडीच्या ॲल्युमिनियम पट्ट्या: काढण्यापासून पुन्हा बसवण्यापर्यंत

जुनी मिनीबस किंवा मॅटाडोर घ्यायची, आत झोपायची आणि चुलीची सोय करायची आणि तिला मुक्कामाची गाडी बनवायची, असं करणारी मंडळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता अधूनमधून भेटतात. कुणाला घरच्या सगळ्यांना घेऊन सप्तशृंगीला जायचं असतं, कुणाला तोरणमाळला दोन रात्री काढायच्या असतात, कुणाला रावेरवरून पालच्या जंगलाकडे. आतलं सुतारकाम बहुतेकांना जमतं, रंगारीही मिळतो. घोडं अडतं ते बाहेरच्या पट्ट्यांपाशी. खिडक्यांखालून गाडीभर फिरणारी रबर भरलेली पट्टी, कोपऱ्यावर वळवलेली पट्टी, छताच्या कडेची गटर पट्टी, पायरीची कड, दाराची चौकट. सगळं ॲल्युमिनियम, आणि सगळं काळवंडलेलं.

मग कुणी म्हणतं ॲसिड मारा, कुणी म्हणतं काढून भंगारात द्या आणि नवीन लावा. दोन्ही करू नका. जुन्या बॉडीवरच्या पट्ट्यांचे आकार आज बाजारात सहजासहजी मिळत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक पट्ट्या पुन्हा उभ्या राहतात. अशा पट्ट्या किलोच्या भावाने जाताना मला बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पट्टीच्या खाली जवळपास नेहमी दोन पत्र्यांचा सांधा असतो. पट्टीचं पहिलं काम त्या सांध्यात पाणी जाऊ न देणं हे आहे, चमकणं त्यानंतरचं. आरशासारखी पट्टी बसवली आणि खालचं सीलंट (सांधा बंद करणारा लेप) जुनंच राहू दिलं, तर पहिल्या मोठ्या पावसात आतलं प्लायवूड फुगेल.

साहित्य आधी जमवा

- चुंबक आणि साधा मल्टिमीटर
- रुंद, बोथट पात्याची पुट्टी पट्टी, लाकडी किंवा नायलॉनची पाचर, रबरी हातोडा
- स्क्रू ड्रायव्हर, गंज सोडवणारं तेल, ड्रिल, पॉप रिबेट गन आणि ३.२, ४ व ४.८ मिलिमीटरचे ॲल्युमिनियम रिबेट
- मऊ ब्रश, बादल्या, भांडी घासायचं सौम्य लिक्विड, टर्पेंटाइन, थिनर
- वॉटर पेपर ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० नंबरचे (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) आणि पेपर गुंडाळायला रबराचा ठोकळा
- ब्रासो किंवा ऑटोसोलसारखं मेटल पॉलिश, जुने सुती कपडे
- मशीनवर करणार असाल तर कापडाचे तीन बफ (चकाकी आणणारी चाकं) आणि लस्टरच्या वड्या (बफाला लावायचा पॉलिशचा मसाला)
- ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट सीलंट पट्टी), पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट, स्टेनलेसचे स्क्रू, नवीन रबर पट्टी
- डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, मास्किंग टेप, मार्कर

कागदपत्रांचं थोडक्यात: पट्ट्या साफ करून त्याच जागी परत बसवायला आरटीओचा काही प्रश्न येत नाही. पण त्याच दमात खिडकी बुजवणं, छत उंचावणं, बॉडीची रचना बदलणं असे बेत असतील तर मोटार वाहन कायदा १९८८ मधलं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ लागू होतं. आधी आरसी बुक घेऊन आरटीओत विचारा, मगच पत्र्याला हात लावा.

१. धातू ओळखा

पट्टीला चुंबक लावून बघा. चिकटलं तर ती बहुधा लोखंडाची, वर क्रोम चढवलेली. ती घासलीत तर क्रोम उडेल आणि खालचं लोखंड गंजेल. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम असेल किंवा स्टेनलेस (काही स्टेनलेसला चुंबक चिकटतंही). पट्टी हातात असेल तर वजनावरून लगेच कळतं, कारण स्टेनलेस जवळपास तिप्पट जड असतं. गाडीवरच असेल तर मागच्या, न दिसणाऱ्या टोकावर ब्लेडचं टोक हळूच ओढा. ॲल्युमिनियमवर सहज रेघ उठते, स्टेनलेसवर पातं घसरतं. नंतरच्या काळातल्या काही गाड्यांवर चमकीचा कागद चिकटवलेलं प्लास्टिकही सापडतं. नखाने टिचकी मारली की त्याचा बद्द आवाज येतो. त्याला साबणाच्या पाण्यापलीकडे काही करू नका.

२. वर कोणता थर आहे ते बघा

इथे घाई करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ॲल्युमिनियमची पट्टी तीन अवस्थांत सापडते.

पहिली, उघडी. कोपऱ्यात बोटभर जागेवर कपड्याने मेटल पॉलिश चोळा. कपडा लगेच काळा झाला तर धातू उघडा आहे. हा काळा रंग घाणीचा नसतो, निघालेल्या धातूचा आणि त्याच्या ऑक्साइडचा असतो. त्यामुळे कितीही चोळलं तरी कपडा काळा होतच राहणार, घाबरू नका.

दुसरी, लाखेचा किंवा क्लिअर लॅकरचा थर असलेली. हा थर उन्हाने पिवळा पडतो, कडेला पापुद्रे सुटतात. कापसाच्या बोळ्याने थिनर लावला की मऊ आणि चिकट होतो. तो आधी पूर्ण काढायचा, मग पॉलिश.

तिसरी, ॲनोडाइज केलेली. कारखान्यात विजेच्या साहाय्याने धातूवरच जाड ऑक्साइड वाढवलेलं असतं. ते फार कठीण असतं आणि त्यातून वीज जात नाही. मल्टिमीटर आवाज देणाऱ्या सेटिंगवर ठेवा आणि दोन्ही टोकं पट्टीवर आडवी, हलकेच टेकवा. टोचू नका, टोचलीत तर टोक थर फोडून खाली जाईल. आवाज आला तर धातू उघडा. आला नाही आणि थिनरनेही काही झालं नाही, तर ती ॲनोडाइज्ड आहे.

ॲनोडाइज्ड पट्टी पॉलिशने चमकत नाही. हात दुखतील, कपडा पांढराच राहील. ती फक्त धुवायची, पांढऱ्या मऊ नायलॉन पॅडने मेण लावून पुसायची. डागाळलेली असली तरी एकसारखी असेल तर तशीच राहू द्या, कारण तो थर धातूचं रक्षण करतोय. अगदी ठिकठिकाणी उडालेली असेल तरच ॲनोडायझिंग करणाऱ्याकडून थर उतरवून घ्या. घरी कॉस्टिकमध्ये बुडवायचा प्रयोग नको.

इंटरनेटवर ॲल्युमिनियम कॅम्पर, म्हणजे मुक्कामाच्या गाड्या, चमकवण्याचे जे व्हिडिओ दिसतात ते बरेचसे अमेरिकेतल्या एअरस्ट्रीमसारख्या जुन्या ट्रेलरांचे असतात. त्यांचं अंगच ॲल्युमिनियमचं. पत्र्याचा गाभा मिश्रधातूचा आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. तो थर घासून गेला की खालचा मिश्रधातू उघडा पडतो आणि लवकर खराब होतो, म्हणून ते लोक वॉटर पेपर मारायला घाबरतात. आपल्या पट्ट्या साच्यातून ओढलेल्या, आरपार एकाच धातूच्या असतात. त्यांना कागद चालतो. तिकडचा सल्ला इकडे घेताना हा फरक लक्षात ठेवा.

३. गाडीवरच करायचं की काढून?

माझं मत स्पष्ट आहे: सांधा कोरडा असेल तर पट्टी काढू नका. आतून प्लायवूड किंवा पॅनल स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टणक लागलं, डाग नाही, तर पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या रंगावर आणि खिडकीच्या रबरावर मास्किंग टेप लावा आणि जागेवरच काम करा. टेप विसरू नका. पॉलिशचा काळा रंग रबरात मुरला की निघत नाही.

आत मऊ लागलं, पाण्याची पिवळी रेघ दिसली, तर पट्टी काढावीच लागेल. कोपऱ्याच्या आणि गटर पट्ट्यांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं.

काढण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्या. प्रत्येक पट्टीच्या मागे मार्करने नंबर आणि बाण घाला: डावी बाजू, पुढून दुसरी, वरची कड कुठली. दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची भोकं कधीच सारखी नसतात. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, नमुना म्हणून उपयोगी पडतात.

मधली रबर पट्टी आधी ओढून काढा, तिच्याखाली स्क्रू किंवा रिबेट दिसतील. जुनं लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये अडकतं, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी तयार होते आणि ती स्क्रूला जखडून टाकते. गंज सोडवणारं तेल रात्रभर राहू द्या. सकाळी स्क्रू आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवा, मग उलटा. डोकं झिजलं तर ड्रिलने डोकंच उडवा.

रिबेट काढताना रिबेटच्याच मापाचं बिट घ्या आणि फक्त टोपी कापली जाईल इतकंच आत जा. बसबॉडीत पट्टीमागून लाइटची वायरिंग गेलेली असू शकते. म्हणून बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा आणि तिच्यापुढे जाऊ नका. बॅटरीची वायर आधीच सोडून ठेवा.

सगळे स्क्रू निघूनही पट्टी सुटत नसेल तर जुनं पुट्टी-सीलंट तिला धरून असतं. एका टोकाला धरून ओढलीत तर पट्टी मुरडेल, आणि मुरडलेली खूण पूर्ण जात नाही. रुंद पातं आत सरकवा, चार बोटं पुढे जा, पाचर ठेवा, परत पुढे. इथे आपल्याकडचं ऊन कामाला येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराच्या सुमाराला सीलंट मऊ झालेलं असतं. थंडीत करायचं असेल तर हीट गन किंवा गरम पाण्यात बुडवलेला कपडा वापरा.

वाकलेली पट्टी सपाट लाकडावर ठेवून रबरी हातोड्याने हळूहळू सरळ करा. पुढे-मागे अनेकदा वाकवलीत तर तडकेल.

४. धुणं

पुसण्याआधी धुवायचं. काळ्या मातीची धूळ पट्टीवर असताना कोरडा कपडा फिरवला तर प्रत्येक कण ओरखडा काढतो. भरपूर पाणी, मग सौम्य लिक्विडचं पाणी आणि मऊ ब्रश, परत पाणी.

खानदेशात गाडी कुठे उभी होती हे विचारून घ्या. शेतातल्या शेडमध्ये, खतांच्या गोण्यांशेजारी उभी असेल तर लक्ष द्या. केळीला दिलं जाणारं पोटॅश हे बहुतेक वेळा म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड असतं. क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक संरक्षक थर भेदून बारीक खड्डे पाडतं. अशी गाडी नुसती धुऊन भागत नाही. पट्टीच्या मागची बाजू, स्क्रूची भोकं, खाचा तीन-चारदा साध्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर पॉलिशनंतरही पांढरे ठिपके परत फुटतील.

केळीचा चीक वाळून काळा झालेला असेल तर खरवडू नका. गरम साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने उचलून काढा. उरलेला डाग पॉलिशमध्ये जातो. डांबराचे शिंतोडे टर्पेंटाइनने निघतात. जुनं सिलिकॉन सीलंट मात्र कशातच विरघळत नाही. ते प्लास्टिकच्या पात्याने खरवडूनच काढावं लागतं, आणि पूर्ण काढावं लागतं, कारण त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर वाळताना पांढरे डाग सोडतं. धुऊन झालं की लगेच कोरडी पुसा. आधीचे चुन्याचे डाग असतील तर लिंबाचा रस किंवा निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर लावा, मिनिट-दोन मिनिटांत धुऊन टाका. त्याहून जास्त वेळ ठेवू नका.

५. या वस्तू पट्टीला लावू नका

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

ॲल्युमिनियमला आम्लही सोसत नाही आणि खारही सोसत नाही. त्याचा संरक्षक ऑक्साइड थर साधारण ४ ते ८.५ पीएच (आम्ल-खार मोजायचं माप) याच दरम्यान टिकतो. घरात स्वच्छतेसाठी जे जे ‘जोरदार’ म्हणून ठेवलेलं असतं ते बहुतेक या मर्यादेबाहेरचं असतं.

धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा, ओव्हन किंवा चिमणी साफ करायचा स्प्रे हे सगळे खार. लावल्यावर बारीक बुडबुडे येतात आणि वाटतं घाण निघतेय. निघतंय ते ॲल्युमिनियम, आणि बुडबुडे असतात हायड्रोजनचे, जो पेटतो. पट्टी आधी राखाडी, मग काळी पडते. उडदाच्या पापडासाठी आपल्या प्रत्येक घरात पापडखार असतो. पितळ-तांबं घासायला कुणी तो काढलाच तर पट्टीपासून लांब ठेवा, तोही खारच. जर्मनच्या पातेल्यात सोडा टाकून पाणी उकळलं की ते आतून काळं होतं, हे घरातल्या बायकांनी कितीदा तरी पाहिलेलं आहे. पट्टीचंही तेच होतं.

संडास-बाथरूमच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यातही क्लोराइड, म्हणजे खड्डे.

सगळ्यात धोकादायक आहे ट्रकच्या चाकांना आणि टाक्यांना मारायचं ‘ॲल्युमिनियम ब्राइटनर’. हायवेच्या कडेच्या वॉशिंग सेंटरवर ते बिनलेबलच्या कॅनमधून मिळतं. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं, शरीरातल्या कॅल्शियमवर आणि हाडांवर जातं, आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, तासांनंतर कळतं. पट्टी चकाचक होते हे खरं, पण कशासाठी हा जुगार? ज्या कॅनवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ते घरी आणू नका. हातावर असं काही सांडलंच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि दुखायची वाट न बघता दवाखाना गाठा. सोबत कॅनही न्या.

लोखंडी तारेचा ब्रश आणि भांड्यांची लोखंडी तारघासणी वापरू नका. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसानंतर तांबूस ठिपके उमटतात. हिरवी स्क्रबर घासणीही वाटते त्यापेक्षा खरखरीत असते. तिचे ओरखडे काढायला ६०० नंबरपासून सुरुवात करावी लागते.

६. कागद मारणं

सगळ्या पट्ट्यांना कागद लागत नाही. आधी हातभर जागेवर नुसतं मेटल पॉलिश करून बघा. समाधान झालं तर ही पायरी सोडा. कागद हा खड्डे, खोल ओरखडे आणि पांढऱ्या भुकटीच्या थरांसाठी आहे.

कोणत्या नंबरने सुरू करायचं? जो ओरखडा काढायचा आहे तो निघेल असा सगळ्यात बारीक कागद निवडा. साधारण ओरखड्यांना ६००, खड्ड्यांना ४००, फारच वाईट असेल तर ३२०. त्याच्याखाली जाऊ नका. पट्टीचा पत्रा मुळात पातळ असतो, आणि वरची नक्षीदार कड एकदा सपाट झाली की परत येत नाही.

पाण्यात लिक्विडचे दोन थेंब टाकून ओलंच घासा. धूळ उडत नाही, कागद भरत नाही. कागद ठोकळ्यावर गुंडाळा. बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या खाली लाटा पडतात, आणि चमक आल्यावर त्या उन्हात स्पष्ट दिसतात. पट्टीच्या लांबीच्या दिशेने सरळ घासा. पुढचा नंबर घेताना किंचित तिरकं घासा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. एकही जुनी रेघ दिसत असेल तोवर पुढच्या नंबरकडे जाऊ नका. नंबर बदलताना पट्टी, ठोकळा आणि पाणी, तिन्ही बदला किंवा धुवा. ४०० चा एक कण १००० च्या कामात आला की पुन्हा मागे जावं लागतं.

खोल खड्डे पूर्ण काढायचा हट्ट नको. खड्ड्याच्या तळापर्यंत घासत गेलात तर तिथे पट्टी कागदासारखी पातळ होईल. खड्ड्यातली पांढरी भुकटी टूथब्रशने स्वच्छ काढा, आजूबाजूला चमक आणा. चार पावलांवरून ते दिसत नाहीत.

अनेकदा मी ८०० वर थांबतो. लांबीच्या दिशेने एकसारखा, मंद उजाळा मिळतो. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला तो आरशापेक्षा जास्त शोभतो आणि राखायलाही सोपा जातो.

७. पॉलिश आणि बफ

हाताने करायचं असेल तर मेटल पॉलिश सुती कपड्यावर घ्या, हातभर जागा घ्या, काळं होईपर्यंत चोळा आणि वाळायच्या आत स्वच्छ कपड्याने उतरवा. सावलीत करा. उन्हात तापलेल्या पट्टीवर पॉलिश क्षणात वाळून चिकटतं. मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका.

मशीनने काम जलद होतं आणि धोकाही वाढतो. गाडीवरच्या पट्टीसाठी वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर घ्या. साधा अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तो धातू तापवून डाग पाडतो. काढलेल्या पट्टीसाठी २,८०० फेऱ्यांच्या मोटारीवर सहा इंची कापडी बफ पुरतो. आधी शिवलेला घट्ट बफ आणि तपकिरी लस्टर, मग मऊ सैल बफ आणि पांढरा किंवा हिरवा लस्टर. एका बफाला एकच लस्टर, तिसरा बफ कोरडा, शेवटच्या हातासाठी.

बफाच्या मोटारीचे नियम पाळायचेच आहेत. पट्टी नेहमी चाकाच्या मधल्या रेषेखाली धरा. चाक पट्टीच्या कडेवरून बाहेर सुटलं पाहिजे, कडेवर येऊन आदळता कामा नये. कडेत शिरलं की लांब पट्टी हातातून हिसकावली जाते आणि चाबकासारखी फिरते. लांब पट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस हवाच. हातमोजे, उपरणं, ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली माळ, यातलं काही फिरत्या चाकाजवळ नको. चष्मा आणि मास्क काढायचे नाहीत.

ज्या मोटारीवर लोखंड घासलं जातं तिच्यावर ॲल्युमिनियम नको. ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र आल्या तर आग लागू शकते. काम झालं की मोटारीभोवतीची धूळ झाडून बाहेर टाका.

हे नको वाटत असेल तर बाहेरून करून घ्या. जिथे स्टीलची भांडी किंवा फर्निचरचे पाइप पॉलिश होतात तिथे बफाची मोटार असतेच. भाव रनिंग फुटावर ठरवा, एक तुकडा आधी करून दाखवायला सांगा, आणि पट्टीवरचे नंबर मागच्या बाजूला आहेत, ते पुसू नका, असं बजावा. सोनारकाम करणाऱ्याला ओळखत असाल तर त्याचा हात बघून या. कडेवर चाक कसं लावायचं हे त्याच्याइतकं बारकाईने क्वचितच कुणी दाखवेल.

८. उरलेला काळा थर

पॉलिशनंतर खाचांत आणि पृष्ठभागावर चिकट काळपट थर राहतो. मैद्याने तो छान निघतो. कोरडा मैदा पट्टीवर भुरभुरवा, स्वच्छ मऊ कपड्याने चोळा, तेल आणि काळं दोन्ही मैद्यात येतं. खाचांसाठी मऊ टूथब्रश घ्या. मग लिक्विडच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा.

९. परत बसवणं

गाडीवरच्या सांध्यातलं जुनं सीलंट पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा. उघड्या लोखंडी पत्र्याला प्राइमर लावा आणि वाळू द्या. मग पट्टीच्या मागे ब्यूटाइल टेप लावा. ती कधी कडक होत नाही, पट्टीबरोबर सरकते, आणि पुढे पट्टी काढायची वेळ आली तर सुटतेही. सिलिकॉन वापरू नका, कारण वर लिहिलंच आहे. वरच्या कडेला आणि टोकांना पीयू सीलंटची बारीक रेघ द्या. खालची कड मोकळी ठेवा, चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

आपल्याकडच्या हवेचा इथे हिशोब करा. हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशांवर असलेली ३ मीटरची ॲल्युमिनियम पट्टी मे महिन्याच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत तापली तर जवळपास ४ मिलिमीटरने लांबते. खालचा लोखंडी सांगाडा त्याच्या निम्माच वाढतो. म्हणून दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांना भिडवू नका, दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा आणि ती सीलंटने भरा. स्क्रू मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जा. टोकाकडून सुरू केलंत तर मध्ये फुगवटा राहतो.

स्क्रू स्टेनलेसचे घ्या, आणि प्रत्येकाला सीलंटमध्ये बुडवूनच बसवा म्हणजे दोन धातूंमध्ये ओल जाणार नाही. पितळी स्क्रू दिसायला छान असले तरी ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षाही जास्त खातात. भोक मोठं झालं असेल तर पुढच्या मापाचा रिबेट टाका.

रबर पट्टी शेवटी. ती तासभर उन्हात ठेवा, साबणाचं पाणी लावा आणि बोथट पात्याने खाचेत दाबत चला. ओढून ताणू नका. ताणलेलं रबर पहिल्या थंडीत आखडतं आणि टोकाला दोन इंच उघडं पडतं. उलट थोडं जास्त ठेवून दोन-तीन दिवसांनी कापा.

मग पाण्याची परीक्षा. आत एका माणसाला टॉर्च घेऊन बसवा. बाहेरून नळी खालून वर नेत प्रत्येक सांध्यावर पाच-पाच मिनिटं पाणी सोडा. वरून सुरू केलंत तर पाणी नेमकं कुठून येतंय ते कळत नाही.

१०. पुढे काय राखायचं

उघडं ॲल्युमिनियम पुन्हा मंदावतं, ते थांबवता येत नाही, लांबवता येतं. गाडीचं कार्नोबा मेण वर्षातून तीनदा लावा: पावसाळ्याआधी, दसऱ्याच्या सुमारास आणि होळीला. रोजच्या वापरातल्या गाडीवर मी क्लिअर लॅकर मारत नाही. एका खड्याने टवका उडाला की त्याखाली ओल पसरते आणि मग सगळी पट्टी परत सोलावी लागते.

धूळ कोरडी झटकू नका, पाण्यानेच उतरवा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर ताडपत्री पट्ट्यांना घासणार नाही अशी बांधा. खाली बांबू किंवा पाइपचा आधार देऊन हवा खेळती ठेवा. प्लास्टिकखाली अडकलेल्या दमट हवेत एका पावसाळ्यात पांढरी भुकटी परत येते. आणि खतांच्या गोण्या दुसरीकडे हलवा.